उजवा हात मांडीखाली

सिस्टरबाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं नाव विचारलं नाही. माझं मनगट हातात घेतलं, पदराच्या पिनेला उलटं लटकवलेल्या घड्याळाकडे पाहिलं आणि नाडी मोजत उभ्या राहिल्या. बाजूला माझे वडील पिशवी सांभाळत खोलीची चौकशी करत होते. त्यांच्याकडे लक्षच नाही. मोजून झाल्यावर हात सोडला आणि वडिलांना म्हणाल्या, "पोट्टी घाबरून राहिली, पण तब्येतीनं चांगली हाय. ठेवतो मी."

एवढ्यावर मला अमरावतीत खोली मिळाली.

सगळा जन्म त्यांनी सरकारी नर्स म्हणून काढला होता. निवृत्त होऊन घरी बसल्या तरी वॉर्ड काही सुटला नव्हता. मागच्या दोन खोल्या त्या कॉलेजच्या मुलींना भाड्यानं देत. तिथं आम्ही तिघी राहायचो आणि आम्हाला नावं नव्हती, कॉट नंबर होते. मी तीन नंबर. "तीन नंबर, चहा घेते का?" "एक नंबरच्या घरून फोन आलता." महिनाभरात आम्हीही एकमेकींना नंबरानंच हाक मारायला लागलो. दोन नंबरचं लग्न झालं तेव्हा मी आहेराच्या पाकिटावर तिचं खरं नाव लिहायला बसले आणि क्षणभर आठवेनाच.

घरातल्या वस्तूसुद्धा त्यांना पेशंटच वाटत. फ्रिजच्या पाठीला उलटा हात लावून म्हणत, "याले ताप हाय. घंटाभर बंद ठेवा." कुकरची शिट्टी दाबून धरलेली त्यांना चालायची नाही. "घेऊ द्या त्याले श्वास." पांढरी सुती साडी, तिला कडक इस्त्री, आणि बोलणं साडीपेक्षा कडक. कुणी नुसतं "बरं वाटत नाही" म्हटलेलं त्यांना खपत नसे. "कुठी बरं वाटत नाई? बोट ठेव." डोकं असेल तर डोक्यावर, पोट असेल तर पोटावर बोट ठेवून दाखवावं लागे. एक नंबर एकदा नापास होऊन रडत बसली. "कुठी दुखते? बोट ठेव." तिनं हुंदके देत गुणपत्रिकेतल्या गणितावर बोट ठेवलं. सिस्टरबाईंनी चष्मा लावून ते गुण पाहिले आणि म्हणाल्या, "हे तं बरं होण्यासारखं हाय. जेवून घे."

एक नियम मात्र असा होता की त्यावर बोलायची सोय नव्हती. झुरळं, मुंग्या, ढेकूण, काहीही होवो, घरात फवारायचं औषध येणार नाही. खोलीत झुरळं झाली तेव्हा दोन नंबरनं गुपचूप एक बाटली आणली. सिस्टरबाईंना ती बंद बाटलीसुद्धा बाहेरच्या खोलीत वासावरून कळली. त्या काही रागावल्या नाहीत. बाटली कागदात गुंडाळून बाहेर नेऊन टाकली, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले आणि आमच्या कॉटवर येऊन बसल्या.

नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी दर्यापूरकडच्या एका खेड्यातल्या आरोग्य केंद्रात काढली होती. ती वर्षं कशी होती ते आम्हा तिघींना सांगायला नको होतं. माझे वडील अकोटला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. जिन कधी चालू, कधी बंद. आमच्या प्रत्येकीच्या गावात एखादं तरी घर होतं जिथं पंपाचं औषध कुणी पिकावर न मारता पोटात घेतलं होतं. त्या माणसांना बैलगाडीतून, जीपमधून सिस्टरबाईंच्या दारात आणत. डॉक्टर तालुक्याला गेलेले असत. नळी घालायची, पोट धुवायचं, सगळं त्यांनीच.

"वास जात नाई बापा नाकातून," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "पण एक गोष्ट शिकली मी तिथं. पोट धुतल्यावर माणूस कसा पडते ते पाहाचं. भिंतीकडं तोंड करून पडला तं काळजी. इकडं तोंड वळवलं, कोण आलं कोण गेलं पाह्यलं, का मंग तो वाचला. मशीन काहीही दाखवो."

त्या हे आम्हाला का सांगत होत्या ते तेव्हा लक्षात आलं नाही. खरं तर बाहेरच्या खोलीत, अगदी दाराशी, त्यांचे यजमान, आमचे काका, भिंतीकडे तोंड करून पडलेले असत आणि आम्ही त्यांच्यासमोरून रोज येजा करायचो.

काका एसटीत ड्रायव्हर होते. अमरावती–अकोट ही त्यांची गाडी: वलगाव, परतवाडा, अंजनगाव, अकोट. मी लहानपणी त्यांच्या गाडीत नक्कीच बसले असणार. निवृत्तीला थोडा अवधी असताना त्यांना लकव्याचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि वाचाही गेली. समजायचं सगळं, पण शब्द तोंडाशी येऊन अडायचा. आधी ते धडपडायचे, मग धडपडणंही सोडलं. मूलबाळ नव्हतं. सिस्टरबाई त्यांना उठवत, पुसत, भाकर दुधात कुस्करून भरवत, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलून देत. आणि कूस बदलून सिस्टरबाईंची पाठ वळली की काका मान तेवढी परत भिंतीकडे करत.

व्यायाम शिकवायला येणाऱ्यानं डाव्या हातात दाबायला एक रबरी चेंडू दिला होता. काकांनी तो खिडकीबाहेर टाकला. सिस्टरबाईंनी आणून दिला. पुन्हा टाकला. "टाकते तं टाकू दे," त्या आम्हाला म्हणाल्या. "फेकाले बी ताकद लागते." पण हे बोलताना त्यांचा आवाज नेहमीसारखा कडक नव्हता.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर सिस्टरबाई रोज दुपारी गायब व्हायला लागल्या. काकांचं जेवण आटोपलं, शेजारच्या काकूंना लक्ष ठेवायला सांगितलं की छत्री घेऊन बाहेर. कुठे जाता म्हणून विचारलं तर छत्री उघडून चालू लागत. एक नंबर म्हणाली, बाबाबुवाकडे जात असतील. हे शक्य नव्हतं. त्यांच्या घरात बुद्धाची एक मूर्ती होती आणि अंगारेधुपारे करणाऱ्याला त्या दारातूनच जयभीम घालून वाटेला लावत. दोन नंबरनं बातमी आणली की त्या चौकातल्या सायबर कॅफेत दिसल्या. आम्ही हसलो. कॅफेत सगळी पोरं गेम खेळायला जात. सिस्टरबाई तिथं काय करणार?

मला कॉलेजचं काम छापून घ्यायचं होतं म्हणून मी एका दुपारी तिथं गेले. आत अंधार, पंख्याचा खडखडाट, पोरांचा आरडाओरडा. आणि कोपऱ्यातल्या मशीनसमोर पांढरीशुभ्र साडी. पडद्यावर एक भलामोठा ट्रक कुठल्याशा परदेशी रस्त्यावरून चालला होता आणि तो सिस्टरबाई चालवत होत्या. झोकात चालवत होत्या. वळणावर वेग कमी, पुढच्या गाडीपासून अंतर, चौकात लाल दिव्याला थांबणं. पण बसायची तऱ्हा चमत्कारिक. उजवा हात त्यांनी मांडीखाली दाबून ठेवला होता आणि सगळं एका डाव्या हातानं चाललं होतं.

"सिस्टरबाई?"

त्यांनी मान वळवली नाही. "थांब तीन नंबर, घाट लागला."

घाट उतरून, ट्रक कडेला लावून त्या माझ्याकडे वळल्या. उजवा हात मांडीखालून काढला, बोटं झटकली. मुंग्या आल्या होत्या.

"काहून, काय झालं?"

"हात का असा दाबून ठेवलाय?"

"नाईतं मदतीले धावते ना तो," त्या म्हणाल्या. "मले पाहाचं हाय, एका डाव्या हातानं गाडी चालते का नाई."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी शेजारच्या खुर्चीवर बसले.

महिनाभरापूर्वी त्या पेन्शनचा कुठलासा कागद छापायला तिथं गेल्या होत्या. एक पोरगा एका हातानं समोसा खात खात दुसऱ्या हातानं ट्रक चालवत होता. सिस्टरबाई त्याच्या मागं उभ्या राहून पाहतच राहिल्या, कागद विसरल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांची शिकवणी सुरू. कॅफेचा मालक एक शांत, दाढीवाला माणूस होता. सगळे त्याला भाई म्हणत. तो नवे कॉम्प्युटर जोडूनही द्यायचा. भाईनं त्यांना एकेक गेम लावून दिला. बंदुकीचा त्यांनी बंद करायला लावला. "मारामारीले आमी ड्युटीवर लय टाके घातले." क्रिकेटचा एका हातानं जमेना. ट्रकचा जमला.

"चेंडू दाबून कोणाले बरं वाटते?" त्या मला म्हणाल्या. "ड्रायव्हर माणूस हाय तो. त्याच्या हातात गाडी द्याले पाह्यजे."

आता प्रश्न होता मशीन कोणतं घ्यायचं. भिशी नुकतीच लागली होती. जे काही बसवायचं ते त्याच रकमेत. आणि या बाबतीत घरात तज्ज्ञ मीच ठरले, कारण मी इंजिनिअरिंगला होते. मी सिव्हिलला आहे हे मी सांगून पाहिलं. "मंग काय झालं," त्या म्हणाल्या, "इंजिनेर तं हाय."

मला वाटत होतं लॅपटॉप घ्यावा. कारण सरळ होतं. काका पलंगावर. लॅपटॉप पलंगावर जाईल, मांडीवर, पोटावर ठेवता येईल. शिवाय लोडशेडिंग. त्या काळात वीज ठरल्या वेळी जायची आणि कधीकधी न ठरल्या वेळीही. उन्हाळ्यात तर अर्धा दिवस नसायचीच. लॅपटॉपला बॅटरी असते. डेस्कटॉपचं काय, लाइन गेली की डबा.

भाईचं मत उलटं. "दीदी, इस बजट में लॅपटॉप आएगा, लेकिन उसमें गेम नहीं आएगा." ट्रकचा गेम नीट चालायला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि तसं कार्ड असलेला लॅपटॉप भिशीच्या पल्याडचा. साध्या लॅपटॉपवर ट्रक हिसके देत चालेल. डेस्कटॉपला मात्र तेवढ्याच रकमेत कार्ड बसतं, आणि उद्या एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो.

"हिसके देत म्हंजे कसा?" सिस्टरबाईंनी विचारलं.

भाईनं जुन्या मशीनवर लावून दाखवलं. ट्रक अडखळत, थांबत, पुन्हा उडी मारून पुढं. त्यांनी तोंड वाकडं केलं. "क्लच खराब वाटून राह्यला याचा. तुह्या काकाले चालणार नाई."

तरी माझा हट्ट होता की लॅपटॉप एकदा पाहू तर. थोडं इकडंतिकडं करून जमेल. म्हणून एका सकाळी आम्ही मोठ्या रस्त्यावरच्या एका एसी शोरूममध्ये गेलो. विक्रेता मुलगा गुणी होता. त्यानं आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि ग्राफिक्स कार्डवाला, ऑफरमध्ये असलेला एक लॅपटॉप पुढं ठेवला. किंमत आवाक्याच्या किंचित बाहेर होती. मला वाटलं, जमलं.

सिस्टरबाईंनी विचारलं, "गेम हाय का यात?"

त्यानं गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम लावला. सिस्टरबाई उठल्या, चपला काढल्या, शोरूममध्ये गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या लांब सोफ्यावर आडव्या झाल्या, उशाला स्वतःची पिशवी घेतली आणि म्हणाल्या, "आण तो. पोटावर ठेव."

मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी दाराकडे पाहिलं. दुसरी गिऱ्हाइकं होती, त्यांनी आपापली कामं थांबवली. पण सिस्टरबाईंच्या आवाजात असं काही होतं की माणसं सांगितलेलं करत. त्यानं लॅपटॉप उघडा त्यांच्या पोटावर ठेवला. त्यांनी उजवा हात अंगाखाली घेतला आणि डाव्या हातानं गाडी चालवायला लागल्या.

पाच-दहा मिनिटं गेली. एसीत बसून मला घाम फुटला होता. मग त्यांनी गाडी थांबवली, लॅपटॉप उचलून मुलाच्या हातात दिला, उठून बसल्या आणि पोटावरचा पदर चाचपला.

"हात लाव," मला म्हणाल्या.

साडीचं कापड चांगलंच तापलं होतं.

"इथी एसी हाय, तरी मले चटके बसून राह्यले. आपल्या घरी मे महिन्यात काय होईन? आन मले समजते तरी. तुह्या काकाची उजवी बाजू सुन्न हाय. भाजलं, फोड आला, कातडी गेली तरी त्याले कळणार नाई. आमी वॉर्डात गरम पाण्याच्या पिशवीनं भाजलेले लकव्याचे पेशंट पाह्यले." मग त्या मुलाकडे वळून अगदी मायेनं म्हणाल्या, "मशीन चांगलं हाय बाबू. पण पेशंटले चालणार नाई."

मुलगा म्हणाला, "हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं आई." आणि त्यानं आम्हाला दारापर्यंत सोडलं. माझ्या डोक्यात तर मुळीच आलं नव्हतं. मी पडद्याचा आकार, बॅटरी, किंमत यांचा विचार करत होते. त्या एका माणसाच्या कातडीचा विचार करत होत्या.

डेस्कटॉप ठरला.

भाईनं तो मन लावून जोडला. कार्ड नवं, डबा जुना, पडदा कुणीतरी बदलून टाकलेला पण धड चालणारा. कॅफेत एक स्टीअरिंग पडून होतं, पोरांनी पेडल तोडलेलं. ते त्यानं दुरुस्त केलं. पाय चालणार नाहीत म्हणून ॲक्सिलरेटर आणि ब्रेक स्टीअरिंगच्याच डाव्या बटणांवर घेतले. एका हातानं पूर्ण वळण घेता येईना, तेव्हा त्यानं ट्रॅक्टरच्या स्टीअरिंगला असते तशी फिरवायची मूठ कुठूनशी आणून त्या बटणांशेजारी, अंगठा पोचेल अशी घट्ट बसवली. सिस्टरबाईंनी दवाखान्यातलं जेवणाचं टेबल असतं तसं, पलंगावर आडवं येणारं चाकांचं टेबल, ओळखीच्या वेल्डरकडून करून घेतलं. पडदा त्यावर. डबा लांब जमिनीवर, त्याचं गरम वारं दाराकडे. लाइन गेली तर गाडी सुखरूप कडेला लावण्यापुरता एक छोटा यूपीएस.

आणि ते सगळं त्यांनी भिंतीच्या उलट्या बाजूला मांडलं. काकांना पाहायचं असेल तर मान वळवावी लागेल असं.

काकांनी वळवली नाही.

पहिल्या दिवशी सिस्टरबाईंनी गेम लावला, इंजिनाचा आवाज मोठा केला आणि म्हणाल्या, "अहो, पाहा तं खरं." काहीच नाही. भिंत. मी दारात उभी होते; मला वाटलं, झालं. सगळी भिशी पाण्यात.

सिस्टरबाई पलंगाशेजारी स्टुलावर बसल्या, स्टीअरिंग स्वतःकडे ओढलं आणि स्वतःच चालवायला लागल्या. आणि काय चालवलं! दुसऱ्या मिनिटाला दुभाजकावर. मग एका कारला मागून. मग पुलाच्या कठड्याला. काचा फुटल्याचे आवाज, हॉर्न, टायर घासल्याच्या किंकाळ्या. घरभर नुसता अपघात. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. एक नंबर म्हणाली, "सिस्टरबाई, तुम्हाला काही येत नाही हो." त्या म्हणाल्या, "आता म्हातारपणी काय येईन मले."

मी त्यांना कॅफेत घाट उतरताना पाहिलं होतं. 

त्या आठवड्यातली एक दुपार. आम्ही तिघी बाहेरच्या खोलीत टरबूज कापत होतो. सिस्टरबाईंचा ट्रक उतारावरून भरधाव निघाला होता आणि समोर लाल दिव्याला गाड्यांची रांग उभी. त्या काही वेग कमी करेनात. ट्रक जवळ जवळ जात होता, इंजिन किंचाळत होतं, आणि पलंगावरून एक घोगरा, फुटका, पण स्वच्छ कळणारा आवाज आला.

"बिरेक! बिरेक मार ना बे!"

माझ्या हातातली टरबुजाची फोड खाली पडली. काकांनी मान वळवली होती. संपूर्ण. डोळे पडद्यावर, चेहरा संतापानं लाल, आणि डावा हात चादरीवरून उचलून स्टीअरिंगकडे झेपावलेला. ट्रक रांगेवर जाऊन आदळला. काकांनी कपाळावर हात मारला आणि सिस्टरबाईंकडे पाहून आणखी एक शब्द उच्चारला, जो एसटीचे ड्रायव्हर रस्त्यावर सायकलवाल्यांना उद्देशून उच्चारतात आणि जो मी इथं लिहिणार नाही.

सिस्टरबाई उठल्या. टेबल ढकलून त्यांच्या समोर आणलं. काकांचा डावा हात उचलून त्या मुठीवर ठेवला.

"घ्या मंग तुमीच," त्या म्हणाल्या आणि तडक स्वयंपाकघरात गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आतून नळाचं पाणी वाहिल्याचा आवाज येत होता.

नंतर त्यांनी मला सांगितलं की वाचा गेलेल्या माणसाच्या शिव्या बऱ्याचदा जात नाहीत, त्या डोक्यात वेगळ्या कप्प्यात असतात. "म्हून मी त्याले राग आणला. गोड बोलून काय उपेग झाला असता?"

काका उठून चालायला लागले असं काही झालं नाही. उजवा हात गेला तो गेलाच. बोलणंही दोन-चार शब्दांचंच राहिलं, आणि पहिले कित्येक आठवडे त्यातले बरेचसे लिहिण्याजोगे नव्हते. पण ते भिंतीकडे वळून पडेनासे झाले. पाठीशी उशा लावून त्यांना बसवावं लागे, आणि बसायला त्यांना स्वतःलाच घाई असे. लोडशेडिंगचं वेळापत्रक आता आमच्या घरात एसटीच्या वेळापत्रकासारखं पाळलं जायचं. लाइन यायच्या आधी काकांची दाढी झालेली, शर्टाची बटणं लावलेली. लाइन आली की पहिली गाडी सुटायची. लाइन जायची वेळ झाली की यूपीएस टीं टीं करायचा आणि काका शांतपणे गाडी कडेला घेऊन थांबवायचे. पुढची ड्युटी चारनंतर.

सुरुवातीला एक भानगड झाली. गेममधल्या देशात वाहनं उजव्या बाजूनं चालत. काकांना ते मान्य नव्हतं. ते ठामपणे डाव्या बाजूनं चालवत आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाला शिव्या घालत. रोज समोरासमोर धडक. सिस्टरबाईंनी भाईला निरोप दिला. भाई आला, त्यानं काकांना सलाम केला, थोडी खटपट केली आणि म्हणाला, "चाचा को इंग्लंड में डाल दिया है. वहाँ सब लेफ्ट से चलते हैं." काकांनी एक फेरी मारून पाहिली. सगळे आपल्या बाजूनं चाललेले पाहून त्यांनी पहिल्यांदा हसून भाईकडे पाहिलं, उजवीकडून तोंड थोडं ओघळलेलं तसंच. भाईसाठी त्या दिवशी सिस्टरबाईंनी आलुबोंडे तळले, आणि त्यानंतर दर शुक्रवारी नमाजानंतर भाई काकांची "गाडी चेक करायला" यायचा. खरं म्हणजे चेक करायला काही नसायचं. तो शेजारी बसून चहा प्यायचा आणि काका त्याला फिरवून आणायचे.

गावांची नावं मात्र काकांनी बदलून टाकली. तिथल्या पाट्या त्यांना वाचता येत नव्हत्या आणि वाचायच्याही नव्हत्या. शहर सोडून पहिला मोठा पूल आला की "वलगाव". पुढं डोंगर दिसला की "परतवाडा". सिस्टरबाई स्वयंपाकघरातून भाकर थापता थापता विचारत, "कुठीशिक आले?" आणि काका एकच शब्द टाकत, "अंजनगाव". त्या तेवढ्या हिशोबानं भाजी चुलीवर ठेवत. जेवायची वेळ झाली आणि गाडी मध्येच असली, तर काका डाव्या हाताचं एक बोट वर करत. थांबा. अकोट येऊ द्या.

मला सगळ्यात आवडायची ती संध्याकाळची वेळ. कामं आटोपून सिस्टरबाई पलंगाच्या कडेला बसत, पाय वर घेऊन, हातात शेंगा. आमच्याशी जितक्या बोलत तितक्या त्यांच्याशी बोलत नसत. नुसत्या रस्ता पाहत. मधूनच एखादी शेंग सोलून दाणे काकांच्या तोंडात घालत. एकदा मी विचारलं, "तुम्ही नाही चालवत आता?"

"मी काहून चालवू?" त्या म्हणाल्या. "लग्नानंतर याच्या गाडीत बसाले भेटलंच नाई मले. माही ड्युटी रात्री, याची ड्युटी दिवसा. आता बसून राह्यली."

माझं कॉलेज संपलं त्या दिवसाची गोष्ट सांगून थांबते. परीक्षा झाली, सामान आधीच पाठवून दिलं होतं; एक पिशवी घेऊन मी दुपारच्या गाडीनं अकोटला निघाले होते, कायमची. एक नंबर, दोन नंबर आधीच गेल्या होत्या. सिस्टरबाईंच्या पाया पडले. त्यांनी वाटेसाठी भाकर आणि चटणीचा डबा दिला, आणि डबा परत पाठवायचा नाही म्हणून दम दिला. मग मी बाहेरच्या खोलीत आले. लाइन होती. काका शर्टाची बटणं लावून बसले होते आणि गाडी स्टँडातून निघायच्या तयारीत होती.

"काका, येते मी. अकोटची गाडी पकडायची आहे."

त्यांनी पडद्यावरून नजर काढली नाही. मला वाटलं, ऐकलं नसावं. मी पुन्हा म्हटलं, "काका, निघाले."

"बस," ते म्हणाले.

मला काही कळलं नाही. त्यांनी हनुवटीनं पलंगाकडे खूण केली, ओठ हलले, शब्द अडला, पुन्हा जुळवला.

"बस. सोडतो."

मी सिस्टरबाईंकडे पाहिलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, गाडी चुकेल म्हणाल्या नाहीत. पलंगाच्या कडेला बसून माझ्यासाठी जागा केली. मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या बाजूला बसले.

"अशी नको," त्या म्हणाल्या, "खिडकीकडं सरक. तुले गाडी लागते."

मी खिडकीकडे सरकले. काकांनी दोन्ही आरशांत पाहिलं आणि गाडी काढली.